तरटाचा पडदा

तो पडदा माझ्याच डोक्यातून निघाला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं जे घडलं त्यात माझा वाटा किती, याबद्दल घोळ राहायला नको.

साल अठराशे सत्त्याण्णव. कार्तिक लागला होता, भातं कापणीला आलेली. मुंबईत प्लेगनं वर्षभर माणसं खाल्ली आणि आता तो बोचक्याबिछान्यांतून घाटाकडं सरकत होता. कर्जतच्या बाहेर, उल्हास नदीच्या काठाला, खालापूरकडची वाट जिथं रेल्वेच्या बाजूला वळते तिथं सरकारनं नाका बसवला. नाक्यामागं कारवीच्या कुडाची दोन लांब छपरं, एक रोग्यांचं, एक संशयितांचं. भोवती काटेरी कुंपण. सगळ्यांवर एक गोरा डॉक्टर, त्याला आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. हाताखाली आठ शिपाई. आणि वैद्यकीय शाळेतून धाडलेले तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी. एक मी, मधू, कर्जतचाच. दुसरा विष्णू, पेणचा.

काम सोपं होतं. वाटेनं येईल त्याच्या काखेत नि जांघेत हात घालायचा. गाठ लागली, अंग तापलेलं असलं, की "गाठ" एवढा एकच शब्द मोठ्यानं म्हणायचा. पुढचं शिपाई बघत. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, रोगी सांगेल ते ऐकत बसू नका, हाताला लागेल ते लिहा. रोगी घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस काहीही सांगतो.

पुरुषांचं निभत होतं. बायकांचं निभेना. पहिल्याच दिवशी एका शिपायानं भर उन्हात, सगळ्यांदेखत, एका म्हातारीची चोळी ओढली. तिच्या लेकानं गाडीच्या जुवातली खुंटी, शिवळ, उपसली आणि त्याच्या तोंडावर हाणली. शिपायाचे दोन दात तिथंच धुळीत पडले. मग बाकीच्या सातांनी मिळून त्या लेकाला असा तुडवला, की त्याला कुशीवर वळवलं तेव्हा तोंडातून रक्त आणि फेस एकदमच बाहेर आला. म्हातारी चोळी सावरायचं विसरून त्याच्या छातीवर पडली होती.

मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मी कीर्तनात वाढलेला माणूस. आमच्या आळीतल्या राममंदिरात बुवा उभे राहिले, की मी पुढच्या रांगेत. उत्तररंगातल्या कथेत कुणाचं लेकरू हरवलं, कुण्या सुनेचा छळ झाला, की बुवांचा आवाज भरून येण्याआधी माझे डोळे भरलेले असायचे. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमचा मधू लोण्याचा आहे हो." मलाही तसंच वाटे. डॉक्टर व्हायला माणसाला आणखी काय हवं?

तर मी साहेबापुढं हात जोडले. रेल्वेच्या गुदामातून धान्याची पोती आणवली, ती उसवून तरटाचा पडदा शिवून घेतला, दोन बांबूंमध्ये ताणून बांधला आणि काखेच्या उंचीला त्याला दोन भोकं पाडली. बाईनं पलीकडं उभं राहायचं, हात जरा वर करायचा. मी अलीकडून भोकातून हात घालायचा. जांघ नको, काख पुरे, हेही साहेबाकडून मान्य करून घेतलं. शिवाय भोकातून चुकून काही दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो आणि हात आत असेपर्यंत मनात रामनाम म्हणायचो.

बायका खूश झाल्या. एका आजीनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. विष्णू मात्र हसायचा.

"काय मध्या, आज किती माळा झाल्या?"

"तुला नाही कळायचं. तू कीर्तनात घोरणारा माणूस."

"घोरतो, पण जागा असलो की डोळे उघडे ठेवतो," तो म्हणाला. "आंधळ्यानं दूध काढावं तसं चाललंय तुझं. धार लागते, पण भांड्यात काय पडलं?"

विष्णू दांडगट होता. भांडणाऱ्या माणसाला तो स्वतः दंड पिरगळून खाली बसवायचा. मुडदा फाडताना शीळ घालायचा. मला त्याची कीव यायची, की याच्या काळजाला पाझर म्हणून नाही.

पाच दिवसांत पडद्यातून मी सहा बायकांना "गाठ" म्हटलं. त्यातल्या दोघी छपरात वारल्या. बायजा सातवी.

दुपार कलती होती. खालापूरच्या अंगाचं एक कुटुंब कापणी उरकून तिच्या माहेरी, कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडं निघालेलं. नवरा मालोजी, खांद्यावर बोचकं. सासू धोंडूबाई. आणि बायजाच्या कडेला चार महिन्यांचं पोर. तिनं ते सासूकडं दिलं नि पडद्यामागं गेली. मी डोळे मिटले, हात घातला. उजवी काख मोकळी. डावीकडं भोकातून हात घातला आणि बोटांखाली गाठ आली. लिंबाएवढी. मी जरा दाबली तशी ती कळवळून मागं सरली. अंग तव्यासारखं तापलेलं.

"गाठ!"

पलीकडून ती ओरडली, "अवो दादा, माजं बोट बगा! बोट बगा आदी!"

मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पण प्रत्येकजण काहीतरी सांगतच असतो. कुणी म्हणतो ओझं वाहिलं, कुणी म्हणतो झाडावरून पडलो. मी मागं सरून नोंदवहीत नाव लिहायला घेतलं.

दोन शिपायांनी तिला दंडाला धरून उचललंच. पोर रडायला लागलं. मालोजीनं बोचकं टाकलं आणि एका शिपायाच्या मानेला मिठी घातली.

"सोड तिला! कापनीत कापलंय तिचं, पिलेग कसला! सोड रं, सोड!"

काठी त्याच्या जबड्यावर बसली. आवाज मला आठवतो, सुकी काटकी मोडावी तसा. तो तरी उठला. तेव्हा विष्णू पुढं झाला आणि त्यानं त्याच्या छातीत लाथ घातली. मालोजी उताणा पडला. तोंडातून शब्द येईनात, नुसतं घळाघळा रक्त. धोंडूबाई पोराला पोटाशी घेऊन जागच्या जागी गरगर फिरत होती, कुठं जावं ते न कळलेल्या गाईसारखी. नियमाप्रमाणं त्यांचं बोचकं तिथंच पेटवलं. त्यात पोराची गोधडी होती. ती जळताना म्हातारी म्हणाली, "मेल्यांनो, थंडीत काय पांगरू त्याला? तुमची कातडी?"

बायजानं छपराच्या दारात एका शिपायाचं मनगट दातांनी फोडलं. मग तिला बाजेला बांधून ठेवलं. मालोजीला आणि म्हातारीला गाठ नव्हती, त्यांना नाक्यावरून हाकलून दिलं; ती जवळच्या वाडीत राहिली.

मी त्या संध्याकाळी डोळे पुसले बरं का. पुसले आणि देवळात कीर्तनाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरात माझी पाळी होती. आत अकरा बाजा. कार्बोलिकचा वास आणि त्याखालून वर येणारा दुसरा. एक म्हातारा भ्रमात उठून कुडावर डोकं आपटत होता. कारवीच्या काड्या त्याच्या रक्तानं काळ्या झालेल्या. त्याच्याच शेजारची बाज बायजाची. मी थर्मामीटर घेऊन गेलो. तिचे दोन्ही हात बाजेच्या बाजूच्या दांड्यांना चिंध्यांनी बांधले होते. पदर नव्हता, पडदा नव्हता, आणि माझे डोळे उघडे होते.

डाव्या हाताचं पहिलं बोट केळ्याएवढं सुजलेलं. वर हळद-चुन्याचा लेप, त्याला भेगा पडलेल्या, भेगांतून हिरवट पू. बोटापासून मनगटावरून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढलेली. भात कापताना उजव्या हातात विळा असतो, डाव्या मुठीत धाटं. विळा घसरला की डावं बोट.

अवधाण. बोटाला जखम चिघळली की काखेत, पायाला काटा मोडला की जांघेत जी गाठ उठते ती. आमच्या कर्जतातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला स्वतःला लहानपणी दोनदा आलेलं, आईनं आधी पाय पाहिला होता. माणूस गाठ चाचपल्यावर सगळ्यात आधी हातपाय बघतो. मी मधे तरट बांधलं होतं.

मी तिच्या चिंध्या सोडायला लागलो. गाठी घट्ट बसलेल्या, सुटेनात. तिनं मान वळवली आणि माझ्या तोंडावर थुंकली.

"आता बोट दिसलं व्हय?"

मी तसाच बाहेर धावलो. विष्णू नदीवरून अंघोळ करून येत होता. त्याला सांगितलं. तो ऐकत असताना त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तांबडा झाला.

"रात्रभर ती त्यांच्यात होती," तो म्हणाला.

"हो."

"आणि आधीच्या सहा? त्यांची बोटं पाहिलीस?"

त्यानं माझ्या सदऱ्याला धरून मला कुंपणावर आदळलं. काटे पाठीत रुतले.

"रामनाम म्हणत होतास ना? म्हण आता! दोघी मेल्या त्यांच्या नावानं म्हण!" मग सोडलं आणि स्वतःच ओल्या पंच्यानं माझी पाठ पुसली. "चल साहेबाकडं. मी येतो बरोबर. तो हाकलून देईल कदाचित, दिलं तर दिलं. पण त्या बोटाला दुपारपर्यंत वेळ नाही. रेघ चढलीय म्हणतोस ना?"

साहेब स्वतः छपरात आला. बोट पाहिलं, गाठ पाहिली, लाल रेघ पाहिली. मग मला विचारलं, तपासताना तू काय पाहिलंस?

"काही नाही, सर. डोळे मिटले होते."

"का?"

"तिची लाज राखायला."

त्यानं हातातली वही माझ्या तोंडावर फेकली. माझी शाळा, माझी सनद, हे सगळं त्या वहीबरोबर जमिनीवर पडलं असंच मला वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "आधीच्या सहांविषयी इथं कुणी बोलायचं नाही." मग डोकं आपटणाऱ्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "ही आता रोग्यांत राहून आली. दहा दिवस बाहेर सोडता येत नाही. दहा दिवसांत ताप चढला तर तुझ्यामुळं चढला. संशयितांच्या छपरामागं वेगळी झोपडी आहे, तिथं ने. बोट आत्ता उघडायला हवं. तू उघड."

मी आजवर जिवंत माणसावर नस्तर, म्हणजे चिरफाडीची बारीक सुरी, चालवलं नव्हतं. क्लोरोफॉर्मची बाटली चार दिवसांपूर्वी रिकामी झाली होती.

झोपडीपुढं उघड्यावर एक फळी मांडली. उजेड चांगला होता. विष्णू गुडघे टेकून बसला, बायजाचा हात फळीवर घेतला, दोन्ही हातांनी मनगट आवळलं नि तिच्या दंडावर आपला गुडघा ठेवला.

"बाई, ऐक," तो तिला म्हणाला. "काल मी तुझ्या नवऱ्याला लाथ घातली. शिव्या द्यायच्या तर मला दे, पण हात हलवू नकोस. हात हलला तर बोट जाईल."

"तुजा मुडदा बशिवला!" ती म्हणाली.

"हां, अशा. चालू दे."

मी नस्तर टेकवलं. ती किंचाळली. मला ते सोसेना. माझ्या तोंडून आपोआप रामनाम सुरू झालं, मोठ्यानं, चालीवर, कीर्तनात टाळकऱ्यांच्या मागं धरतो तसं. तिचं ओरडणं त्यात बुडावं म्हणून मी आवाज चढवला.

"गप्प!" विष्णू खेकसला. "गाऊ नकोस! तिचं ऐक. कुठं दाबल्यावर जास्त ओरडते ते ऐक, गाढवा, तिथं पू आहे. दुसरं कोण सांगणार तुला?"

मी थांबलो. नस्तराच्या मागच्या टोकानं बोटाच्या पेरावर एकेक जागा दाबत गेलो. इथं ती दात खाऊन कण्हली. इथं ओरडली. इथं आवाजच फुटला नाही, पाठीचा कणा धनुष्यासारखा उचलला गेला. मी तिथं खूण केली. ते ओरडणं सगळं माझ्या कानांतून आत गेलं, मधे काही आडवं नव्हतं. असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला ऐकलं. डोळ्यांत पाणी यायला सवड नव्हती.

तेवढ्यात कुंपणाकडून गलका उठला.

आजूबाजूच्या वाड्यांतून तीस-चाळीस माणसं आली होती, हातांत कोयते, विळे, गाडीच्या खुंट्या. छपरात नेऊन माणसांची मोमियाई काढतात, जिवंतपणीच अंगातलं तेल काढून साहेबाला देतात, अशी बोलवा गावोगाव होतीच. मालोजीचा फुटका जबडा पाहिल्यावर कुणाला पुरावा लागला नाही. शिपायांनी फाटकावर काठ्या चालवल्या. एकाचं डोकं फुटलं, एका शिपायाच्या हाताला विळा लागून मांस लोंबायला लागलं. मग कुंपणच मोडलं. माणसं काट्यांवरून अनवाणी आत आली.

सगळ्यांच्या पुढं मालोजी, तोंडाला फडकं बांधलेला. त्याला काय दिसलं असेल, मी नंतर कितीदा मनात पाहिलं आहे. त्याची बायको मातीत आडवी. एकजण तिच्या अंगावर गुडघा देऊन बसलेला, कालचा लाथ मारणारा. दुसऱ्याच्या हातात सुरी. आणि ती ओरडतेय.

"विष्णू, मागं!" मी ओरडलो.

"काप तू!"

नस्तर त्या क्षणी पेरात शिरलं होतं. त्यानं हात सोडला असता, तिनं झटका दिला असता, तर शीर तुटली असती. विष्णूनं मागं पाहिलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि मनगट आणखी आवळलं. कोयता त्याच्या डाव्या खांद्यावर उतरला. कपडा, कातडी, मांस, आणि आत हाडावर टक्कन. गरम रक्ताचा फवारा माझ्या कपाळावर, फळीवर, तिच्या हातावर. विष्णूच्या घशातून रेड्यासारखा आवाज आला. पण त्याचे हात जागचे हलले नाहीत.

"का... प," तो म्हणाला.

मी कापलं. खोल, हाडापर्यंत. पू पिचकारीसारखा उडाला आणि मागून काळं रक्त आलं.

मालोजीनं दुसऱ्यांदा कोयता उचलला होता. या वेळी माझ्यावर. बायजानं मोकळ्या हातानं त्याचं धोतर धरलं आणि अशी ओढ दिली की तो तिच्यावरच कोसळला.

"धनी, नगा! घान निगाली बोटातली! हलका झाला हात, बगा... अवो बगा तरी!"

तो तिच्या बोटाकडं पाहत राहिला. हातातला कोयता खाली पडला. त्याच वेळी साहेबानं गोळी झाडायचा हुकूम दिला. पहिली हवेत गेली. दुसरी गजा नावाच्या एका माणसाच्या मांडीत. तो खाली बसला आणि आपल्याच रक्ताकडं नवल वाटल्यासारखा बघत राहिला. मग माणसं पळाली, जी पळू शकली नाहीत ती मार खात राहिली. शिपाई कालचं, परवाचं, सगळं उट्टं काढत होते. पडलेल्याच्या बोटांवर बूट ठेवून फिरवत होते.

मी विष्णूचा खांदा शिवत होतो. सोळा टाके. क्लोरोफॉर्म त्यालाही नव्हतं. तो माझ्या मांडीवर दात रोवून पडला होता, आणि मी त्याचं कण्हणंही ऐकत होतो, सुई कुठं टोचतेय ते त्यावरून कळत होतं.

साहेब आला. चार माणसं ओळीनं बसवली होती. मालोजी त्यांत होता. "कोणी मारलं?"

विष्णूनं माझ्या मांडीवरचे दात सोडवले. "माझं तोंड खाली होतं, सर."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मला खोटं बोलायची सवय नाही; घरात देव आहेत. पण त्या दिवशी मला खोटं बोलावंही लागलं नाही.

"सर, मी बोट बघत होतो."

तो पाठ फिरवून निघून गेला. चौघांना दंग्याबद्दल आठ दिवस चौकीत डांबलं. कोयत्याचं कुणी नाव काढलं नाही. काढलं असतं तर मालोजी अंदमानात गेला असता.

मग ते दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ बायजाची पट्टी बदलायचो आणि थर्मामीटर लावायचो. पहिल्या दिवशी ताप उतरला, दुसऱ्या दिवशी थोडा चढला, आणि तो चढलेला पारा मी झटकून पुन्हा पुन्हा लावून पाहिला. बोटाचा ताप की त्या रात्रीचा, कसं ओळखणार? तिच्या दोन्ही काखा मी रोज तपासत होतो. तरट मी जाळून टाकलं होतं. "तपासू का?" म्हणून विचारायचो, ती "बग" म्हणायची, आणि मी बघायचो.

तिचं दूध दाटलं होतं. पोर कुंपणापलीकडं, तिला देता येत नव्हतं. वाडीतली गोदा म्हणून एक लेकुरवाळी त्याला पाजत होती. बायजा भिंतीकडं तोंड करून मातीत दूध पिळून टाकायची, दुखल्यानं ओठ चावत. धोंडूबाई रोज येऊन कुंपणाशी पोराला वर धरायची. "बग गं, बग, आय बग!" पोर आयकडं सोडून शिपायाच्या लाल पागोट्याकडं बघायचं.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडताना बायजा मला म्हणाली, "दादा, त्या टायमाला मी बोट बगा म्हनलं, ते तुमास्नी आयकू गेलं व्हतं का?"

मी पट्टी गुंडाळत राहिलो. हो म्हणावं की नाही? नाही म्हटलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं कदाचित.

"ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "बरं. मला वाटलं माजा आवाजच भाईर पडला नाय."

पाचव्या दिवशी छपरातला तो म्हातारा वारला. सातव्या दिवशी संशयितांतली एक पोरगी रोग्यांत न्यावी लागली. मी तिचे हातपाय, टाळू, सगळं पाहिलं होतं. गाठ खरी होती. विष्णू एका हातानं कामाला लागला होता. त्याचा डावा हात खांद्याच्या वर पुढं कधी गेला नाही.

पडद्यातल्या उरलेल्या चौघींचे हातपाय मी पाहून घेतले, जखम कुणालाच नव्हती. पण वारलेल्या दोघींच्या घरी मी नंतर गेलो, मागं साहेब काहीही म्हणाला असो. एकीच्या सासऱ्यानं दार लावून घेतलं. दुसरीची आई अंगणात भात झोडत होती. मी विचारलं, तिच्या हाताला-पायाला काही लागलं होतं का? तिनं माझ्याकडं पाहिलं, पेंढा खाली ठेवला आणि म्हणाली, "नाय बाबा, कुटंच नाय." ती खरं बोलली की माझ्याकडं पाहून बोलली, मला कळलं नाही. अजून नाही. कीर्तनाला मी आजही जातो, डोळे आजही भरून येतात. भरले की त्या अंगणातला झोडण्याचा आवाज येतो.

अकराव्या दिवशी सकाळी साहेबानं बायजाच्या नावावर सही केली. ताप नाही, गाठ बसलेली, बोटाला नवं मांस धरलेलं. फाटकाबाहेर धोंडूबाई पोर घेऊन उभी. मालोजी दोन दिवसांपूर्वी चौकीतून सुटला होता. तो लांब, वाटेच्या पलीकडं, जबड्याला फडकं बांधून. आत पाऊल टाकायला तो तयार नव्हता.

बायजानं पोर घेतलं. त्यानं आधी तिच्याकडं परक्यासारखं पाहिलं आणि ओठ काढला. ती तिथंच, नाक्यापुढं, गाडीच्या चाकोरीत बसली. शिपाई पाहत होते, तपासणीला रांगेत उभी असलेली माणसं पाहत होती. तिनं कुणाकडं पाठ केली नाही, पदर ओढला नाही. पोरानं दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा धरलं, आणि ती दुखून मोठ्यानं ओरडली.

मालोजी वाट ओलांडून धावत आला. त्याच्या हाताची मूठ वळलेली होती, डोळे माझ्यावर. बायजानं मान हलवून त्याला खूण केली, काही नाही, बस. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"पुढची," रांगेकडं बघून विष्णू म्हणाला. एक बाई पुढं आली, हात पदराखाली लपवून. मी तिला म्हटलं, "बाई, आधी हात दाखवा तुमचे. आणि काय होतंय ते सांगा. सावकाश सांगा."